डोंगराला जाड तेल

३ जून, अलवानी

घरात ओरडायला माणूस राहिला नाही, म्हणून ही वही घेतली. नवरा, लुखूम, होता तेव्हा मी त्याच्यावर ओरडायचे, तो मान खाली घालून चहा प्यायचा, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. नोव्हेंबरात मेंढरं खाली आणून झाली आणि आठवड्याभरात त्याचं हृदय बंद पडलं. मला न विचारता गेला. आयुष्यात सगळं मला न विचारताच करायचा.

लेक तेकले राजधानीत शिकते, सुट्टीत येते. बाकी घरात मी आणि अंगणात डेलिका, आमची जुनी गाडी. गाडी हिवाळाभर तोर्गवाच्या गोठ्यात उभी होती, कारण आमची शेड गळते. तोर्गवा म्हणजे लुखूमचा धाकटा भाऊ. काल त्याने ती आणून लावली. खिंडीतला बर्फ कापायला यंत्र गेलंय. आठ-पंधरा दिवसांत वर डोंगरातल्या आमच्या उन्हाळी गावांचा रस्ता उघडेल आणि ज्याच्याकडे चारही चाकं ओढणारी गाडी आहे तो माणसं, पीठ, मीठ घेऊन वर निघेल.

मीही निघणार. हे सांगितल्यापासून गाड्यांच्या अड्ड्यावर जो तो मला शहाणपण शिकवतोय. ज्यांनी स्वतःच्या गाडीचा बोल्ट कधी हाताने सोडवला नाही, ते उंटावरून शेळ्या हाकतात. "एल्पिते, बाईने अबानोची खिंड चढवायची? गाडी दिराला दे, घरी बस, मोजे विण." मोजे विणायचे! सतरा वर्षं लुखूम गाडीखाली आणि मी पाने हातात घेऊन शेजारी उकिडवी. ते मोजे मोजायचे कुणी?

तोर्गवा तर सकाळीच काळं जाड तेल घेऊन हजर. जुन्या सरकारच्या काळातलं, डांबरासारखं, कुठल्या पिंपातून काढलं देव जाणे. म्हणे, "वहिनी, डोंगराला जाड तेल. सगळीकडे हेच ओत. बाबा हेच ओतायचे." मी म्हटलं, "बाबांचा ट्रक होता. आणि बाबा चाळीस वेळा दरीकाठी अडकले." तो डबा तिथेच ठेवून गेला. मी तो लाथेने कोपऱ्यात सारला.

संध्याकाळी नदीपर्यंत फेरी मारून आले. गाडी गप्प चालते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मागचा डिफरन्शियल, मागच्या चाकांमधली ती दातेरी चाकांची पेटी, नुसता रडायचा, कुत्र्याचं पिल्लू कोंडल्यासारखा. मी लुखूमला निक्षून सांगितलं होतं, या रडणाऱ्या गाडीतून मी सणाला वर येणार नाही, चारचौघांत लाज जाते. सणाच्या आधी गाडी गप्प झाली. काय केलंस विचारलं तर हसला. "तुझ्यासाठी गप्प केली."

परतताना कुणाच्या तरी घरी काहीतरी तळत होते. रस्ताभर वास येत होता.

७ जून

तेलावी शहराच्या बाजारात झाउरीशी भांडले. तेलांचं दुकान त्याचं. मी सांगितलं, गिअरबॉक्सला आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला जीएल-४ दे, दोन्ही डिफरन्शियलना जीएल-५ दे, जाडी पंच्याहत्तर-नव्वद.

"काकू, सगळीकडे पाचच घाला. पाच चारापेक्षा मोठा. मोठा नंबर, चांगलं तेल."

"बुटांचं दुकान काढ तू. ट्रान्सफर केसमध्ये पितळेच्या कड्या असतात. पाचमधला गंधकाचा मसाला पितळ खातो."

"कुणी सांगितलं?"

"ज्याने सांगितलं तो मेला. आता मी सांगतेय."

दुकानातले दोघे पुरुष हसले. एक म्हणाला, आता बायका तेलावर पण बोलायला लागल्या. मी त्याला विचारलं, तुझ्या मागच्या डिफरन्शियलला चार घालतोस की पाच? त्याने छताकडे पाहिलं. चार घालत असेल, तर त्याच्या गाडीचे दात वर्षभरात बाहेर येतील; तिथे दात दातावर घासत सरकतात, त्यांना तो गंधकच वाचवतो. मेल्याला सांगितलं नाही. झिजू देत.

झाउरीने डबे बांधून देताना आवाज खाली आणला. "मागचे दात झिजलेले असतील तर तिथे याहून जाड, पंच्याऐंशी-एकशेचाळीस घाला. फक्त मागे." मी म्हटलं, माझी गाडी गप्प चालते, तिचे दात ठीक आहेत.

८ जून

कुणाशी बोलले नाही. बरं वाटलं.

१० जून

हाताला अजून वास येतोय. तरी लिहिते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, असं झालंच नाही.

सकाळी तेल बदलायला घेतलं. तोर्गवा न बोलावता आला, उजेडासाठी हातबॅटरी धरून गाडीखाली माझ्या शेजारी आडवा झाला. आधी ट्रान्सफर केस. जुनं तेल काळं होतं पण स्वच्छ. बोल्टाच्या चुंबकावर लोखंडाची बारीक राख होती, तेवढी असायचीच. पुढचा डिफरन्शियल तसाच. लुखूमची एक सवय होती: बोल्ट आवळला की बोल्ट आणि पेटी दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक रेघ ओढायचा. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी हात लावला. तिथल्या रेघा जुन्या, लाल रंगाच्या. मागच्या भोपळ्यावरच्या, म्हणजे मागच्या डिफरन्शियलच्या गोल पेटीवरच्या, मात्र गुलाबी. माझी नेलपॉलिश! गेल्या जूनमध्ये एका लग्नासाठी घेतलेली आणि सणाच्या आधी हरवलेली. मी तेकलेला रागावले होते, ती रडली होती. ती चोरी लुखूमची. रंग संपला असेल, नेली उचलून, विचारलं नाही. पाना बसेना, म्हणून मी तेल भरायच्या आणि काढायच्या दोन्ही बोल्टांवरच्या त्या सरळसोट रेघा स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढल्या आणि खालचा बोल्ट सोडला.

तेल आलंच नाही.

तार घातली तर पांढरट गोळे बाहेर पडले. चिकट, घट्ट. आणि वास. नदीकाठच्या रस्त्यावरचा तोच तळणाचा वास. कुणाच्याही घरचं तळण नव्हतं ते.

डुकराची चरबी!

जुन्या गाड्या विकणारे हा उद्योग करतात हे मी ऐकलं होतं. दात झिजून रडायला लागले की चरबी कोंबायची, दोन-चार महिने आवाज बंद. घेणारा मेला तरी यांना काय. पण हे खालच्या मैदानातल्या लोकांचं झालं. आमच्या देवाला डुकराचा विटाळ आहे. वर जायच्या आधी आम्ही डुकराचं मांस तोंडात घालत नाही, वरच्या गावात त्याचं नाव काढत नाही. आणि याच गाडीतून पुढच्या महिन्यात देवस्थानाच्या सणाच्या बिअरसाठी जव जाणार! बिअर शिजवायचा तांब्याचा हंडा जाणार! यंदाच्या सणाचा यजमान कोण? हाच, माझ्या शेजारी आडवा झालेला तोर्गवा.

हिवाळाभर गाडी कुणाच्या गोठ्यात होती? मी त्याच्या गळपट्टीला धरून बाहेर ओढलं. "तू घातलीस! माझी गाडी विकायला काढली होतीस! आवाज दाबून कुणाच्या तरी गळ्यात मारणार होतास!"

तो बोल्टाकडे बघत राहिला, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो, वहिनी. मीच."

इतक्या सहज! माफी नाही, कारण नाही. मी तेलाचं फडकं त्याच्या तोंडावर मारलं. अख्ख्या आळीने ऐकलं असेल. ऐकू दे.

१२ जून

जोकोला आजोबा आले होते. देवस्थानाचे मानकरी, नव्वदीला टेकलेले, पण शब्द अजून कुऱ्हाडीसारखा. अंगणात खुर्ची टाकून बसले. तोर्गवा उभा.

"तोर्गवा, चरबी तू घातलीस?"

"मी घातली, आजोबा. हिवाळ्यात."

"गेल्या सणाला याच गाडीतून जव गेलं होतं. तेव्हा गाडी स्वच्छ होती?"

मी मध्येच बोलले. "तेव्हा लुखूम होता, आजोबा! लुखूम असलं काही करेल?"

"तू थांब, पोरी. त्याला विचारतोय."

"स्वच्छ होती," तोर्गवा म्हणाला. "भावाच्या हातात होती तोवर स्वच्छ होती. जे केलं ते मी केलं."

आजोबांनी काठी आपटली. निकाल असा: तोर्गवाचं यजमानपण गेलं, मान आजोबांच्या पुतण्याला. यंदा त्याने देवस्थानाभोवतीच्या दगडांपलीकडे पाऊल टाकायचं नाही. एक मेंढा द्यायचा. गाडी आतून धुऊन घ्यायची. लुखूमच्या नावाची घोड्यांची शर्यत मात्र ठरल्याप्रमाणे, सणाच्या दुसऱ्या दिवशी. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी घोडे पळवतात आमच्याकडे. लुखूमच्या शर्यतीला सात घोडे येणार आहेत.

यजमानपणासाठी तोर्गवा नऊ वर्षं नंबर लावून बसला होता. जव त्याने स्वतः पेरलेलं. मला कणव यायला हवी होती का? आली नाही. करावं तसं भरावं. जाताना मला म्हणतो, "वहिनी, मागे जाड तेल घाल. तेवढं ऐक." निर्लज्जपणाला काही सीमा?

१५ जून

डिझेलने तो भोपळा धुतला. पुन्हा धुतला. वास जाईपर्यंत धुतला, मग माझे हात धुतले, मग पुन्हा तोच धुतला. नवं पंच्याहत्तर-नव्वद भरलं आणि नदीपर्यंत गेले.

रडायला लागली. तेच जुनं रडगाणं, त्याच सुरात. याने दातांची वाट लावली असणार. किती शिव्या दिल्या त्याची मोजदाद नाही.

२१ जून, वरून परत

पहिली खेप. पीठ, मीठ, एक म्हातारं जोडपं आणि त्यांच्या कोंबड्या. पहाटे निघाले.

ही गाडी जपानची, स्टिअरिंग इथल्या गाड्यांसारखं डावीकडे नाही, उजवीकडे. डोंगर चढताना दरी माझ्या खिडकीखाली येते, चाकाची कड मला दिसते. भीती वाटली नाही. भीती वाटायला राग थोडा कमी असावा लागतो.

पण मागून रडणं. म्हातारी म्हणाली, "पोरी, गाडीला काही होतंय का?" मी म्हटलं, "गाडी विधवा आहे, आजी. रडणारच." ती छातीवर क्रूसाची खूण करत बसली.

खिंडीच्या अलीकडे ओढ्यापाशी थांबले आणि मागच्या भोपळ्याला हात लावून पाहिला. बोट भाजलं. तेल पातळ होऊन पळत होतं, झिजलेल्या दातांवर थांबत नव्हतं. अर्धा तास तिथेच गाडी थंड केली. उतारावर ते दात गेले असते तर कोंबड्यांसकट सगळे दरीत.

परतताना सीटखाली पाना शोधला, तर फडक्यात गुंडाळलेला डबा. पंच्याऐंशी-एकशेचाळीस, नवा, झाउरीच्या दुकानाची चिठ्ठी लावलेला. शेजारी बरोबर मापाचा पाना आणि नरसाळं. कुणी ठेवलं हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. चरबी घालायची आणि वर तेल भेट द्यायचं. तो डबा फेकणार होते. फेकला नाही, कारण तेल चांगलं होतं.

२७ जून

आज तो जाड डबा मागे ओतला. फक्त मागे. पुढे पंच्याहत्तर-नव्वदच, ट्रान्सफर केसला जीएल-४च. त्याबाबतीत माझंच खरं. मागच्या बाबतीत त्याचं. डोंगराला जाड तेल, निदान एका पेटीपुरतं. लिहिताना दात आवळले गेलेत.

चढावर चालवून पाहिली. रडणं पार खाली आलं, नुसतं कण्हतेय. पेटी हात लावण्याइतकी गरम, जास्त नाही.

मग दोन्ही बोल्ट आवळले आणि रेघ ओढायला रंग हवा म्हणून लुखूमची लोखंडी पेटी उपसली. तळाशी, सुताच्या गुंडाळीत, माझी गुलाबी बाटली. अर्ध्याहून जास्त शिल्लक. झाकण घट्ट लावलेलं, सुकू नये म्हणून.

गाडीखाली आडवी झाले. ब्रश बुडवला. बोल्टावरून पेटीवर रेघ ओढली. ओली रेघ चमकली आणि माझा हात तिथेच राहिला.

दहा तारखेला मी ती खरवडली होती. सरळसोट होती. कुठेही तुटलेली नव्हती. वरच्या बोल्टावरचीही तुटलेली नव्हती. लुखूमनंतर त्या बोल्टांना कुणाचा हातच लागला नव्हता.

किती वेळ खाली पडून होते माहीत नाही. शेजारणीने हाक मारली तेव्हा बाहेर आले. पाठ ओली झाली होती.

२८ जून

तोर्गवा कुंपणापाशी मेंढ्यांचे खूर कापत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"कधी कळलं तुला?"

त्याने मान वर केली नाही. "तू रेघ खरवडत होतीस तेव्हा. बॅटरी माझ्याच हातात होती ना."

"मग बोलला का नाहीस, मुडद्या? मी फडकं मारलं तुझ्या तोंडावर! अख्ख्या आळीत तुझे धिंडवडे काढले!"

"काय बोलू? भाऊ गेला, वर त्याचं नावही घालवू? गेल्या सणाचं जव त्या गाडीतून गेलं, वहिनी. ज्याने डुकराच्या चरबीवरून देवाचं जव नेलं, त्याच्या नावाने कोण घोडा पळवेल?"

"आणि तुझं नाव?"

"मी जिवंत आहे. माझं धुता येईल."

मी म्हटलं, मी आत्ता जाते आणि आजोबांना खरं सांगते. तेव्हा पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. तोर्गवा! ज्याने आजवर मेंढीवर आवाज चढवला नाही. "शर्यत होऊ दे माझ्या भावाची!" मेंढी हातातून सुटून पळाली. आम्ही दोघं तिच्यामागे धावलो.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. खरं सांगितलं तर लुखूम जातो. गप्प बसले तर तोर्गवा जातो. आणि हे सगळं कशामुळे, तर एका बाईला गाडीचा आवाज सहन होत नव्हता.

१२ जुलै, वर, आमच्या गावात

आज बिअर शिजवायला सुरुवात. देवस्थानाभोवती उभे दगड आहेत, त्यांच्यापलीकडे बाईने जायचं नाही. पुरुष वर हंड्याखाली जाळ घालत होते. आम्ही बायका खाली, आणि बायकांमध्ये एकटा तोर्गवा, मान घालून. पोरंटोरं त्याला ओढणी आणून देऊ का विचारत होती.

माझं डोकं फिरलं. मी त्या दगडांपर्यंत चालत गेले आणि खालूनच हाक मारली.

"जोकोला आजोबा! चरबी मी घातली."

हंड्याजवळची सगळी माणसं वळली. आजोबा काठी टेकत दगडांपर्यंत आले. ते पलीकडे, मी अलीकडे.

"काय म्हणालीस?"

"हिवाळ्यात त्याच्या गोठ्यात जाऊन मी घातली. गाडी रडते ते मला सहन होत नव्हतं. मला नको होता तो आवाज. हा मला वाचवायला खोटं बोलला, कारण मी त्याच्या भावाची बायको."

"तोर्गवा, खरं?"

तोर्गवा माझ्याकडे बघत होता.  मी डोळे वटारले. "वहिनी म्हणते ते," तो म्हणाला.

"बाई," आजोबा म्हणाले, "याची शिक्षा ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. मेंढा देईन. गाडी देवाचं जव नेणार नाही, नको नेऊ दे. आणि काय? दगडांपलीकडे पाऊल टाकू नकोस म्हणाल? पंचवीस वर्षं झाली मला या गावात येऊन. टाकलंय कधी? टाकू दिलंय?"

कुणी हसलं नाही. आजोबा माझ्या हातांकडे बघत होते. नखांत काळं तेल आणि डाव्या अंगठ्यावर सांडलेला गुलाबी डाग, विधवेच्या काळ्या बाहीखाली. किती वेळ पाहिलं त्यांनी. मग वळून पुतण्याला म्हणाले, "डाव खाली ठेव. ज्याचा हंडा त्याला ढवळू दे."

तोर्गवा माझ्या शेजारून वर गेला. जाताना थांबला नाही, वळला नाही, नुसता खांदा लागला. दगड ओलांडताना त्याने टोपी काढली.

अड्ड्यावर आता माझं नाव चरबीवाली पडणार. पडू दे. चरबीवालीची गाडी खिंड चढते, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अजून खाली आहेत.

संध्याकाळी शर्यतीचे घोडे आले. सगळे सात. त्यांच्या मानेला लुखूमच्या नावाच्या लोकरीच्या फिती. मी गाडीत येऊन बसले आहे, दार लावून, आणि इथे ऐकायला कुणी नाही म्हणून लिहिते.

लुखूम, गाढवा! विचारायचं तरी होतंस. मी दहा मिनिटं ओरडले असते आणि मग म्हणाले असते, रडू दे गाडीला, मी येते.